छोटा पंखा, मोठी कुरकुर

फ्रिज, इंडक्शनची शेगडी, इन्व्हर्टर, कॉम्प्युटर... घरातल्या कितीतरी यंत्रांच्या पोटात तळहाताएवढा एक पंखा अखंड फिरत असतो. तो कुरकुर का करतो? त्याला शांत कसं करता येतं? आणि त्याला शांत करता करता वीजही कशी वाचते?

घरात पंखे किती, असं कुणी विचारलं की आपण छताकडे बघून मोजायला लागतो. दोन खोल्यांत दोन, दिवाणखान्यात एक, स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा एक. झाले चार! पण ही मोजणी अर्धवटच असते. बर्फ न साठणाऱ्या फ्रिजमध्ये गार हवा खेळवणारा एक पंखा असतो. इंडक्शनच्या शेगडीत एक असतो. दूध उतरवून घेतल्यावरही काही वेळ जी गुणगुण चालू राहते, ती त्याचीच. मायक्रोवेव्हमध्ये एक, इन्व्हर्टरमध्ये एक आणि मुलांच्या कॉम्प्युटरमध्ये तर दोन-तीन. म्हणजे छताला टांगलेल्या पंख्यांपेक्षा यंत्रांच्या पोटात दडलेल्या पंख्यांचीच संख्या जास्त भरते.

हे पंखे आपल्याला नव्हे, तर यंत्रांना वारा घालतात. दिवसभर टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या आणि रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये त्यांचा आवाज बुडून जातो. रात्री मात्र तोच आवाज कानाशी येऊन बसतो. दहावीचा अभ्यास करणारी मुलगी वैतागते आणि झोप सावध असलेले आजोबा कूस बदलत राहतात. ‘यंत्र म्हटलं की आवाज आलाच’ असं म्हणून बहुतेक घरांत हा विषय सोडून दिला जातो. वास्तविक, तो सोडून देण्याजोगा नाही.

काचेच्या पेटीतलं बाळ

हा प्रश्न नुसत्या त्रासाचा नाही, हे समजून घ्यायचं तर एखाद्या इस्पितळातल्या नवजात बाळांच्या कक्षात डोकवावं लागेल. अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्माला आलं की त्याला ज्या ‘काचेच्या पेटी’त ठेवतात, त्या इन्क्युबेटरच्या तळाशी एक छोटा पंखा असतो. तापवलेली हवा तो बाळाभोवती सारखी फिरवत ठेवतो. पंखा थांबला तर ऊब सगळीकडे सारखी राहणार नाही. म्हणून तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्याची घरघर त्या इवल्या जिवाच्या कानांपासून वीतभर अंतरावर असते.

नवजात बाळांच्या कक्षात ४५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज हा काळजीचा विषय मानावा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ साली सांगितलं. मात्र इन्क्युबेटरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकात पेटीच्या आतल्या आवाजाची कमाल मर्यादा ६० डेसिबल धरलेली आहे. डॉक्टरांना हवी असलेली शांतता आणि यंत्राला दिलेली सूट यांत १५ डेसिबलचं अंतर आहे. हे अंतर कापायचं तर इंजिनिअरला त्या छोट्या पंख्यावरच मेहनत घ्यावी लागते.

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो, हेही इथेच सांगायला हवं. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. अगदी सारखे दोन पंखे शेजारी शेजारी चालू केले तर आवाज दुप्पट डेसिबल होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबलची शिफारस केली. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेवलेली आहे. ही मर्यादा परिसरातल्या आवाजाची झाली. उशाशी असलेल्या यंत्राला मात्र कोणता नियम बांधून घालणार? तिथे घरच्यांनाच लक्ष घालावं लागतं.

मग पंखा काढूनच टाकला तर?

हाही प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्स यांना पंख्याचा आवाज मुळीच खपत नसे. १९८० साली आलेल्या ‘अ‍ॅपल थ्री’ या कॉम्प्युटरमध्ये पंखा ठेवलाच नव्हता. उष्णता बाहेर टाकण्याचं काम ॲल्युमिनियमच्या जाड बैठकीवर सोपवलं होतं. पण यंत्र तापू लागलं, आतल्या चिप्स खोबणीतून सैल होऊ लागल्या आणि कॉम्प्युटर दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा म्हणजे चिप्स पुन्हा जागेवर बसतील, असा सल्ला ग्राहकांना देण्याची वेळ आली, असं सांगतात. शांतता मिळाली, पण ती फार महाग पडली.

याचं कारण सरळ आहे. विजेवर चालणाऱ्या सर्किटमधली बरीचशी वीज शेवटी उष्णतेत बदलते. ही उष्णता बाहेर गेली नाही तर सुटे भाग लवकर म्हातारे होतात. सर्किटमधल्या कपॅसिटरच्या बाबतीत कारागिरांचा एक ठोकताळाच आहे : तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. तेव्हा आवाज नको म्हणून यंत्राच्या जाळीवर फडकं टाकणं म्हणजे रडतं मूल गप्प करायला त्याचं तोंड दाबण्यासारखंच झालं.

अंतराळात तर पंख्यावाचून क्षणभरही चालत नाही. पृथ्वीवर गरम हवा हलकी होऊन आपोआप वर चढते. अंतराळ स्थानकात वजनच जाणवत नसल्याने हवा जागची हलत नाही. झोपलेल्या अंतराळवीराच्या नाकासमोर त्याच्याच उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचून राहू शकतो. म्हणून तिथे पंखे सतत फिरत असतात आणि त्यांचा आवाज कमी कसा करायचा, हा तिथल्या इंजिनिअरांपुढचाही जुना प्रश्न आहे.

थोडक्यात, पंखा हवाच. पण तो शहाणा हवा.

आवाजाचे तीन धनी

कॉम्प्युटरमधला छोटा पंखा हातात घेऊन पाहिला तर मधोमध एक गोल डबी आणि तिच्याभोवती सात किंवा नऊ पाती दिसतात. मोटर या डबीतच असते. छतावरच्या पंख्याप्रमाणे इथेही मधला भाग स्थिर आणि बाहेरचा भाग फिरता. मध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी आणि फिरत्या डबीच्या आतल्या बाजूला लोहचुंबकाचं कडं. चुंबक कुठे आला आहे, हे एक चिमुकला सेन्सर ओळखतो आणि त्याप्रमाणे वेटोळ्यांतली वीज पालटली जाते. जुन्या डीसी मोटरमध्ये हे काम घासत जाणारे कार्बन ब्रश करायचे. ते झिजायचे, ठिणग्या पडायच्या, करकरायचे. हे ब्रश काढून त्यांचं काम इलेक्ट्रॉनिक सर्किटकडे सोपवणाऱ्या मोटरचा आराखडा अमेरिकेत टी. जी. विल्सन आणि पी. एच. ट्रिकी या दोघांनी १९६२ साली मांडला. आज जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये याच जातीची मोटर फिरते आहे.

एवढ्याशा यंत्राच्या आवाजाचे धनी तीन.

पहिला धनी बेअरिंग. स्वस्त पंख्यात आस एका तेल मुरलेल्या बुशमध्ये फिरतो. नवा असताना हा पंखा अगदी शांत असतो. पण तेल सुकलं की खरखर सुरू होते. असा पंखा आडवा, म्हणजे छताकडे तोंड करून बसवला तर तो आणखी लवकर कुरकुरायला लागतो. छर्ऱ्यांचं बेअरिंग उष्णतेत जास्त टिकतं, पण त्याची बारीक घरघर पहिल्या दिवसापासून असते. तिसरा प्रकार तेलाच्या दाबावर आस तरंगत ठेवणाऱ्या बेअरिंगचा. तो शांतही असतो आणि टिकतोही. किंमत अर्थातच जास्त.

दुसरा धनी थरथर. पंखा स्वतः फारसा बोलत नाही, पण ज्या पत्र्याला तो घट्ट आवळलेला असतो तो पत्रा बोलतो. सतारीची तार भोपळ्याशिवाय वाजवली तर किती ऐकू येईल? तसंच आहे हे. यंत्राचा पातळ पत्रा इथे भोपळ्याचं काम करतो. एखाद्या पात्यावर एका बाजूला धूळ साचून तोल गेला की ही थरथर वाढते.

तिसरा आणि सगळ्यांत मोठा धनी म्हणजे खुद्द हवा. पातं हवेला कापत जातं, तेव्हा त्याच्यामागे भोवरे उठतात. पात्यासमोर आधाराची दांडी किंवा जाळी आली की प्रत्येक पातं तिच्यासमोरून जाताना हवेला एक ठोका बसतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १८०० फेरे घेत असेल तर सेकंदाला झाले ३० फेरे आणि ३० गुणिले ७ म्हणजे २१० ठोके. कानाला हे ठोके वेगवेगळे कळत नाहीत. ते एकत्र होऊन एक सलग सूर ऐकू येतो. रात्रीची ती ‘ऊंऽऽ’ अशी गुणगुण ती हीच. चांगला पंखा बनवणारे म्हणूनच पात्यांची आणि दांड्यांची संख्या जुळू देत नाहीत. पाती सात, तर दांड्या चार. म्हणजे सगळी पाती एकाच क्षणी दांड्यांसमोर येत नाहीत आणि ठोके एकावर एक पडत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. हे भोवरे फुकट उठत नाहीत. आवाजात प्रत्यक्ष जाणारी शक्ती अगदीच किरकोळ असते, पण तो आवाज ज्या भोवऱ्यांतून येतो, त्या भोवऱ्यांवर बरीच वीज खर्ची पडते. हवा पुढे ढकलायची ती तिथल्या तिथे घुसळली जाते. म्हणून हवेचा आवाज हा वाया जाणाऱ्या विजेचाच सांगावा असतो. शांत पंखा आणि काटकसरी पंखा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. बहुतेक वेळा एका वाटेने गेलं की दुसरीही हाती लागते.

हळू फिरा, कमी बोला

पंख्यांचं एक गणित आहे आणि ते शाळकरी मुलालाही समजेल इतकं सोपं आहे. वेग जितका, तितकी हवा. पण विजेचा खर्च मात्र वेगाच्या घनाने, म्हणजे वेग तीनदा गुणून येईल त्या प्रमाणात वाढतो. उलट दिशेने पाहिलं तर हेच गणित फायद्याचं ठरतं. पंख्याचा वेग फक्त पाचव्या हिश्श्याने कमी केला तर हवा पाचव्या हिश्श्यानेच कमी होते, पण पात्यांना लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते आणि आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो. वेग निम्मा केला तर शक्ती आठव्या हिश्श्यावर आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने खाली! काचेच्या पेटीच्या त्या दोन आकड्यांमधलं अंतरही एवढंच होतं.

पण वेग निम्मा केला की हवाही निम्मी होणार, त्याचं काय? त्यावरचा उपाय म्हणजे पंखा मोठा घ्यायचा. एकाच घडणीचे दोन पंखे घेतले, एक ८ सेंटिमीटरचा आणि दुसरा १२ सेंटिमीटरचा, तर मोठा पंखा एका फेऱ्यात तिपटीहून जास्त हवा हलवतो. म्हणजे तेवढीच हवा द्यायला त्याला एक तृतीयांशापेक्षाही कमी वेग पुरतो. कागदावरच्या हिशेबाने त्याला लागणारी शक्ती छोट्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी भरते. जुन्या कॉम्प्युटरमध्ये ८ सेंटिमीटरचे पंखे किंचाळायचे आणि नंतरच्या पेट्यांमध्ये १२ आणि १४ सेंटिमीटरचे आले, ते यामुळेच.

यात एक मेख मात्र आहे. हळू फिरणाऱ्या मोठ्या पंख्याचा जोर कमी असतो. वाटेत धुळीने बुजलेली जाळी, तारांचा गुंता किंवा यंत्रामागची भिंत आली की तो नमतं घेतो. म्हणजे शांत पंख्याला मोकळी वाट लागतेच. वाट मोकळी नसेल तर चांगला पंखा आणूनही पैसे पाण्यात.

अर्ध्या मिलिमीटरची लढाई

पंखा जितका छोटा तितकं त्याला काटकसरी बनवणं अवघड. याचं एक कारण पात्याचं टोक आणि बाहेरची चौकट यांच्यामधल्या फटीत आहे. पात्याच्या पुढे हवेचा दाब जास्त, मागे कमी. संधी मिळताच पुढची हवा या फटीतून मागे पळते आणि पळताना भोवरा उठवते. मोठ्या पंख्यात एक-दोन मिलिमीटरची फट खपून जाते. तळहाताएवढ्या पंख्यात तीच फट बरीच हवा गिळते.

मग फट कमी का ठेवत नाहीत? कारण प्लास्टिक ताणलं जातं. फिरताना पात्यांना बाहेर ओढणारा जोर आणि यंत्रातली ऊब यांनी साधं प्लास्टिक महिनोन्‌महिन्यांनी किंचित लांबतं. फट फार अरुंद ठेवली तर एक दिवस पातं चौकटीला घासू लागेल. ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ या कंपनीने २०१८ साली बाजारात आणलेल्या १२ सेंटिमीटरच्या एका पंख्यात ही फट केवळ अर्ध्या मिलिमीटरवर आणली. त्यासाठी पात्यांना लिक्विड क्रिस्टल पॉलिमर नावाचं, सहजी न ताणलं जाणारं खास प्लास्टिक वापरावं लागलं. मिनिटाला दोन हजार फेरे घेतानाही हा पंखा दोन वॅटपेक्षा कमी वीज खातो. घरात रात्रभर जळणारा छोटा दिवाही बहुधा एवढी वीज घेत असेल.

घुबडाची शिकवणी

नॉक्टुआ हे नाव मोठं गमतीचं आहे. हा लॅटिन शब्द एका छोट्या घुबडासाठी वापरतात. आपल्याकडे झाडाच्या ढोलीत दिसणारा पिंगळा त्याचाच भाऊबंद. रात्री घरावर घुबड बसलं तर आपल्याकडे अजूनही अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण आवाज न करता हवा कशी कापायची, हे शिकायचं तर त्याच्याइतका चांगला गुरू नाही.

उंदराला चाहूल लागू न देता घुबड त्याच्यावर झेप घेतं. आर. आर. ग्रॅहम यांनी १९३४ साली ब्रिटनमध्ये या मूक उड्डाणावर लेख लिहून त्यामागची तीन कारणं नोंदवली. घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर असते आणि वरचा पृष्ठभाग मखमलीसारखा असतो. दाते हवेच्या मोठ्या भोवऱ्याचे बारीक बारीक तुकडे करतात. झालर पंखावरून सुटणाऱ्या हवेला हळुवार वाट करून देते.

जपानच्या बुलेट ट्रेनला ही विद्या उपयोगी पडली. १९९७ साली सुरू झालेल्या ५०० मालिकेच्या गाड्या ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागल्या. छतावरून वीज घेणाऱ्या दांड्याचा आवाज ही त्यातली मोठी अडचण होती. एइजी नाकात्सु या पक्षिनिरीक्षक इंजिनिअरने घुबडाच्या पंखावरून सुचलेले दाते त्या दांड्याला दिले. जर्मनीतल्या झील-अ‍ॅबेग कंपनीने पंख्याच्या पात्यांची मागची कड अशीच दातेरी केली आणि त्या पंख्याच्या नावातही घुबडाला जागा दिली.

सगळ्या युक्त्या निसर्गातूनच आलेल्या नाहीत. अ‍ॅपलने २०१२ साली लॅपटॉपच्या पंख्यातली पाती मुद्दाम विषम अंतरावर बसवली. समान अंतरावरची पाती एकाच सुरात गुणगुणतात आणि कानाला तो एकच सूर टोचतो. अंतर विषम केलं की तो सूर अनेक सुरांत वाटला जातो आणि वाऱ्याच्या सळसळीसारखा वाटतो. एकूण आवाज फारसा घटत नाही, पण त्रास घटतो. शेवटी ऐकणारा कान माणसाचा आहे, हे त्या इंजिनिअरांनी लक्षात ठेवलं.

वेगाला लगाम

पूर्वीचे छोटे पंखे बटण दाबलं की पूर्ण वेगाने सुटत. यंत्र गार असो की गरम, त्यांची एकच चाल. आताचे बरेच पंखे तापमान बघून चालतात. कॉम्प्युटरच्या पंख्याला चार तारा दिसल्या तर त्यातली एक वेगाचा हुकूम पोचवणारी असते. इंटेल कंपनीने घालून दिलेल्या पद्धतीत हा हुकूम सेकंदाला २५ हजार ठोक्यांनी दिला जातो. माणसाच्या कानाला साधारण २० हजारांपलीकडचं ऐकू येत नाही, म्हणून ही उघडझाप आपल्याला जाणवत नाही.

वेग सारखा वर-खाली होणारा पंखा मात्र एकाच संथ लयीत चालणाऱ्या पंख्यापेक्षा जास्त त्रास देतो. झोपेतल्या माणसाला आवाजापेक्षा आवाजातला बदल आधी जागं करतो. म्हणून चांगल्या यंत्रात पंखा सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो.

छताकडे वळून पाहताना

यंत्राच्या पोटात फिरणारी ही ब्रश नसलेली मोटर आता आपल्या छतावरही पोचली आहे. जाहिरातींत ‘बीएलडीसी’ म्हणतात ती हीच. कोइंबतूरच्या एका कंपनीने २०१२ साली ‘सुपरफॅन’ या नावाने असा पंखा आणला. मुंबई आयआयटीत शिकलेल्या दोन तरुणांच्या अ‍ॅटमबर्गने २०१५ मध्ये आपला पंखा बाजारात उतरवला. जुन्या धाटणीचा छतपंखा पूर्ण वेगात साधारण ७० ते ८० वॅट घेतो, तर हे पंखे साधारण ३० ते ३५ वॅट किंवा त्याहूनही कमी.

घरच्या हिशेबात हे काय होतं? ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालला तर ०.९ युनिट जळतं. ३० वॅटचा असेल तर ०.३६ युनिट. उन्हाळा-पावसाळा धरून वर्षाचे २०० दिवस मोजले तर एका पंख्यामागे १०८ युनिटं वाचतात. आपल्या बिलातल्या दराने त्याला गुणलं की जादा किंमत किती वर्षांत वसूल होईल, ते ज्याचं त्याला कळेल. १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी सक्तीची झाली आहे. खरेदी करताना ती पाहावी आणि जास्त तारे असलेला पंखा निवडावा.

जुन्या पंख्याला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावल्यावर कमी वेगात जी गुणगुण येते, तीही या पंख्यांत राहत नाही, कारण त्यांचा वेग आतलंच सर्किट सांभाळतं. मात्र असा पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवू नये. रेग्युलेटर काढून साधं बटण लावावं.

घरच्या घरी काय करता येईल?

नवं काही विकत न घेताही बरंच करता येतं.

वाट मोकळी करा. फ्रिज, इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटर भिंतीला चिकटवून ठेवू नका. माहितीपुस्तिकेत सांगितलेलं अंतर सोडा. इन्व्हर्टरवर किंवा कॉम्प्युटरवर हौसेने घातलेला विणलेला रुमाल जाळी झाकत असेल तर तो आधी काढा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवला की त्याचं नाक दाबलं जातं आणि पंखा ओरडू लागतो. खाली एखादा लाकडी पाट ठेवला तरी काम भागतं.

धूळ काढा. रस्त्यावरची धूळ, उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ मिळून जाळीवर चिकट थर बसतो. यंत्र बंद करून, पिन काढून, मऊ ब्रशने बाहेरची जाळी साफ करा. कॉम्प्युटरची पेटी उघडून हवेचा झोत मारणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. झोताने पंखा भरमसाट वेगाने फिरला तर बेअरिंग बिघडतं आणि उलट वीज तयार होऊन सर्किटलाही धोका पोचू शकतो.

शेगडीला दम खाऊ द्या. इंडक्शनवरचं भांडं उतरवल्यावर लगेच भिंतीवरचं बटण बंद करू नका. आतला पंखा आपण होऊन थांबेपर्यंत थांबा. तो आतले भाग गार करत असतो.

थरथर अडवा. पंखा बसवताना लोखंडी स्क्रूऐवजी रबरी खुंट्या वापरल्या तर पत्रा वाजत नाही. कॉम्प्युटरखाली रबराचे चार तुकडे ठेवले तरी फरक पडतो.

तेलाचा थेंब जपून. बुशवाल्या पंख्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब काही दिवस तारून नेतो. पण खोबरेल तेल कधीही घालू नका. थंडीत ते थिजतं आणि पुढे चिकट होतं. खरखर परत आली की पंखा बदलणंच बरं.

बदलताना जुना पंखा सोबत न्या. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, कुठेही असे पंखे सुटे मिळतात. आकार, जाडी, व्होल्ट आणि तारांची संख्या जुळायला हवी. चौकटीवर बाण असतो. तो हवेची दिशा दाखवतो. पंखा उलटा बसवला तर आत येणारी हवा बाहेर आणि बाहेर जाणारी आत, असा घोटाळा होतो.

आणि एक सक्त ताकीद. मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटरला वीज पुरवणारा बंद डबा घरी उघडू नका. पिन काढल्यावरही त्यांच्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार शिल्लक असू शकतो. तिथला पंखा बदलायचं काम माहीतगार कारागिराचंच.

या सगळ्याच्या आधी करायचं काम मात्र बिनखर्चाचं आहे, ते म्हणजे ऐकण्याचं. गुणगुण वाढली तर बहुधा हवेची वाट बुजली आहे. खरखर आली तर बेअरिंग सुकलं आहे. टकटक आली तर पात्याला एखादी तार किंवा कागद लागतो आहे. आणि रोज ऐकू येणारा पंखा एके दिवशी अगदीच गप्प झाला, तर खूश होण्याआधी यंत्राला हात लावून पाहावा. ते तापलेलं असेल तर लगेच बंद करावं. पंख्याची कुरकुर थांबवायची ती त्याचं काम हलकं करून. तोंड बंद करून नव्हे.